चाळीस गेले, एक राहिला

१

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी छापखान्यातून पुस्तकाची पहिली प्रत आली, आणि सव्वादहाला कळलं की तिच्यातून एक बाई नाहीशी झाली आहे.

पुस्तक एका निवृत्त इंजिनियरांच्या आठवणींचं होतं. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले होते, आणि पूल संपल्यावर आठवणी बांधायला घेतल्या होत्या. लिहिताना ते जरा वाहवत जात. पूर फुटाफुटाने चढे, वरिष्ठ पानागणिक मूर्ख होत जात आणि इंजिनियर स्वतः उंच होत जात. या वाढीला त्यांच्या पत्नीने, म्हणजे सगळ्या कचेरीच्या वहिनींनी, हस्तलिखिताच्या समासात जागच्या जागी आळा घातला होता. ‘पाणी गुडघ्याएवढं होतं.’ ‘ही कल्पना माझी.’ ‘या भाषणाला टाळ्या पडल्या नाहीत. मी होते तिथे.’ असे एकंदर एक्केचाळीस शेरे. इंजिनियर ते वाचून पोट धरून हसले होते आणि हस्तलिखित तसंच प्रकाशनाच्या मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाले होते, “हिच्यासकट छापा. पूल माझे असतील, पण संसार दोघांचा आहे.”

आता हातातल्या कोऱ्या करकरीत प्रतीत इंजिनियर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटेच बोलत होते. पूर चढत होता आणि त्यांना कुणी अडवत नव्हतं.

एक्केचाळीसपैकी चाळीस शेरे गेले होते. पान एकशे बारावरचा एक तेवढा जागेवर होता.

मालकीणबाईंनी छापखान्याला फोन करून पाच वाजेपर्यंत यंत्र थांबवायला सांगितलं. मग फाइल सांभाळणाऱ्या बाईला बोलावलं. ती आली, तिने प्रत चाळली, आणि तिचा चेहरा बशीसारखा पांढरा झाला.

“शेरे परत घालता येतील?” मालकीणबाईंनी विचारलं.

“हो. अर्ध्या तासात.”

“म्हणजे गेले कसे ते तुला ठाऊक आहे.”

तिने प्रत मिटून टेबलावर ठेवली.

“अगं, कुणी काढले?”

“ते मला विचारू नका,” ती म्हणाली. “हवं तर मी काढले म्हणून लिहून घ्या.”

मालकीणबाई खुर्चीत मागे रेलल्या. “हे बघ, इंजिनियर आणि वहिनी चारला यायचे आहेत. उद्या त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात, म्हणून हा सगळा खटाटोप. मजकूर येईल परत, पण माझ्या कचेरीत लोकांचं बोलणं पुसणारा माणूस बसलेला असताना मला झोप लागायची नाही. पाचपर्यंत नाव कळलं नाही, तर तुझंच नाव धरावं लागेल. आणि मग उद्यापासून येऊ नकोस.”

“बरं,” ती म्हणाली आणि जाऊन जागेवर बसली.

मालकीणबाईंनी पुन्हा फोन उचलला. असल्या प्रसंगी बोलवावा असा माणूस त्यांना एकच ठाऊक होता. अडचण एवढीच, की तो या बाईचा सासरा होता.

२

त्यांचं खरं नाव पगारपत्रकाबरोबर निवृत्त झालं होतं. आता त्यांना सगळे नियमनाना म्हणत.

नानांनी याच कचेरीत तीस वर्षं मुद्रितं तपासली होती आणि कचेरीला एक ग्रंथ दिला होता. पुस्तकात जे जे म्हणून येतं त्याला कुठला टॅग लावायचा, म्हणजे कॉम्प्युटरला ते काय आहे हे कसं सांगायचं, त्याचे चौऱ्याण्णव नियम. मथळ्याला मथळा म्हणायचं, तळटीपेला तळटीप. ‘हे जाड करा, ते तिरकं करा’ असं म्हणायचं नाही. “दिसणं कपडे बदलतं, असणं बदलत नाही,” असं नाना सांगत, आणि ऐकणारा घड्याळाकडे बघे. कचेरीत त्या ग्रंथाला पोथी म्हणत. बावीस वर्षांत पोथीतलं एक अक्षर बदललं नव्हतं. बदल सुचवणारे मात्र बरेच बदलून गेले होते.

हीच शिस्त घरी. मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेत मावशींचं नाव दुसऱ्या पातळीच्या मथळ्यात गेलं म्हणून नानांनी पत्रिका परत पाठवली होती, आणि मावशींनी नंतर आहेर. सून मात्र त्यांना फार पसंत. ती आधी कचेरीत लागली होती, मग घरात आली. “जी मुलगी उघडलेला टॅग न चुकता बंद करते, ती घरातले दिवेही बंद करेल,” असं त्यांनी भाकीत केलं होतं आणि ते विजेच्या बिलात खरं ठरलं होतं. रोज रात्री जेवताना ती कामातली एखादी शंका विचारी. नाना शब्दकोड्यातून मान वर न करता नियमाचा आकडा सांगत. दोघांनाही तो दिवसातला सर्वांत आनंदाचा क्षण वाटे. मुलगा बिचारा त्या वेळी मुकाट्याने जेवत असे.

कानावर पेन्सिल खोचून नाना अकराला कचेरीत पोचले. सून जागेवर बसून टेबलाचा खण आवरत होती. खणातला कंगवा, डब्याचा चमचा, मुलीचा फोटो पिशवीत जात होता.

“सूनबाई, हे काय चाललंय?”

“काही नाही, बाबा. आवरतेय.”

“शेरे तू काढलेस?”

“तुम्ही गोळी घेतलीत का सकाळची?”

“घेतली. कुणाला पाठीशी घालतेयस?”

तिने खण बंद केला. “बाबा, तुम्ही घरी जा. ऊन वाढायच्या आत जा. माझी एक नोकरी गेली तर दुसरी मिळेल.”

“आणि खरं सांगितलंस तर?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं नानांना वाचता आलं नाही, आणि हे त्यांना फार लागलं. छापील मजकूर त्यांना उलटा धरूनही वाचता येत असे.

“खरं सांगितलं तर,” ती म्हणाली, “एका माणसाला फार वाईट वाटेल.”

३

या कचेरीत सुनेने जीव लावावा असा माणूस कोण, याचा विचार करत नाना संपादकांच्या खोलीत शिरले. संपादक हे त्याचं उत्तर नव्हतं. ते स्वतःच्या कुंडीतल्या झाडालाही ‘तुम्ही’ म्हणत.

“शेरे काढा, पोरकट वाटतात, असं तुम्ही म्हणाला होतात,” नाना म्हणाले.

“म्हणालो होतो. पहिल्या प्रुफाला.” संपादकांनी चष्मा पुसला. “दुसऱ्या प्रुफाला म्हटलं, असू देत. आणि तिसऱ्या प्रुफापर्यंत, नाना, मी घरी जाऊन बायकोला ते वाचून दाखवायला लागलो होतो.”

“मग?”

“मग काय! ती आता माझ्या प्रस्तावनांच्या कडेला लिहायला लागली आहे. परवा लिहिलंय, ‘हे मागच्या महिन्यात म्हणून झालंय.’” संपादकांनी आवाज खाली आणला. “आणि झालंय हो.”

“तुम्ही काढायचेच म्हटले असते, तर पहिला कुठला काढला असतात?”

“एकशे बारावरचा,” संपादक चटकन म्हणाले. “तो एकटाच विनोदी नाही. इंजिनियर तिथे लिहितात, ‘या कमानीला काही होणार नाही, अशी माझी खात्री होती.’ आणि वहिनी कडेला लिहितात, ‘मला आज कसलीच खात्री नाही. लवकर बाहेर या.’ कुठून बाहेर? कशाला? संदर्भच नाही. पण काढवेना.”

नेमका तोच राहिला होता. नानांनी संपादकांच्या नावावर मनातल्या मनात काट मारली आणि मांडणी करणाऱ्याकडे मोर्चा वळवला.

या मांडणीकाराला कचेरीत ‘कोरी जागा’ म्हणत. पानावर अक्षरं असणं हा त्याला आपल्या कलेवरचा अन्याय वाटे. शेऱ्यांसाठी समास रुंद करावा लागला, तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. एवढा भक्कम हेतू कचेरीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

“सगळे माझ्यावरच येणार, मला माहीत आहे,” तो म्हणाला. “नाना, ही प्रत जरा बघा तरी. काय दिसतं?”

“मोकळा समास.”

“मोकळा? अहो, हा भाड्याने देण्याजोगा समास आहे! मजकूर एका बाजूला असा चेपून बसलाय, जसा बाकावर शेजारी कुणी येणार आहे. मी शेरे काढले असते, तर मजकूर मध्यावर नसता घेतला? असलं लंगडं पान मी जिवंतपणी छापू देईन?”

“मग छापलं कसं गेलं?”

“तिसरं प्रूफ मंजूर झाल्यावर पुस्तकाकडे कुणी बघायचं नाही, हा दंडक कुणाचा?”

दंडक नानांचा होता. बघितलं की हात शिवशिवतात, हात शिवशिवले की चुका होतात, असं त्याचं तत्त्वज्ञान होतं. नाना खाकरले.

“काल संध्याकाळी तिच्या कॉम्प्युटरपाशी आणखी कुणी बसलं होतं का?”

मांडणीकाराने दाराकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, “बसलं होतं. स्वतः इंजिनियर. दहा मिनिटं. एकटेच.”

४

दुपारभर नाना तिसरं प्रूफ डाव्या हाताला आणि छापील प्रत उजव्या हाताला ठेवून बसले. ओळ एकही हललेली नव्हती. पानांचे आकडे तेच, शेवटची सूचीही तीच. समासातलं तेवढं वाऱ्याने उडावं तसं उडालं होतं.

पान साठवर त्यांची नजर अडली. तिथे प्रुफाच्या समासात वहिनींचा एक शेरा होता आणि त्याखाली त्याच बारीक तिरक्या अक्षरात आणखी एक ओळ होती: ‘फोटोतला खांब उलटा तर लागला नाही ना?’ ही काही वहिनींची नव्हती. ती कचेरीतल्या कुणीतरी सहकाऱ्यासाठी लिहिलेली सूचना होती. छापील प्रतीत तीही नव्हती. नसायचीच, असल्या सूचना पुस्तकात छापत नाहीत, म्हणून तिचं जाणं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

पण नाना त्या दोन ओळींकडे बराच वेळ बघत राहिले. दोघी एकाच कपड्यात होत्या. दोघी एकाच वेळी गेल्या होत्या.

चारला इंजिनियर आणि वहिनी आले. वहिनी ठेंगण्या होत्या, डोळ्यांत मिश्कीलपणा. त्यांनी प्रत पाहिली, मिटली आणि मांडीवर ठेवली. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आता निदान यांचं म्हणणं पुरं तरी होईल.” पण त्यांचं बोट पुस्तकाच्या कडेवरून, जिथे शेरे असायला हवे होते तिथून, फिरत राहिलं.

इंजिनियरांचा चेहरा बघवत नव्हता.

“माफ करा,” नाना म्हणाले, “काल तुम्ही कॉम्प्युटरपाशी दहा मिनिटं एकटे होतात.”

“हो.”

“काय करत होतात?”

“खुर्ची वरखाली करत होतो. खाली एक दांडा आहे. छान आहे.”

“वहिनींचे शेरे…”

“मी काढले म्हणता?” इंजिनियर उसळले. “अहो, पन्नास वर्षं मी हिला वाक्याच्या मध्ये बोलू नकोस म्हणून सांगतोय. मला जमलं नाही. तुमच्या त्या डब्यावर ते दहा मिनिटांत जमणार आहे?”

वहिनी म्हणाल्या, “पन्नास नाही. एकोणपन्नास. पहिलं वर्ष मी गप्प होते.”

या उत्तराला पुरावा लागत नव्हता. नाना वहिनींकडे वळले.

“एकशे बारावरचा शेरा. ‘लवकर बाहेर या.’ तो कधी लिहिलात?”

वहिनींनी मांडीवरची प्रत एकशे बारावर उघडली. “गेल्या वर्षी. यांचं हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं. मी बाहेर बसून यांचं हस्तलिखित वाचत होते. जवळ लिहायला काही नव्हतं. मग त्या चौकशीच्या खिडकीपाशी पेन असतं ना, दोरीने बांधलेलं, तिथे उभं राहून लिहिलं.”

इंजिनियरांनी छताकडे पाहिलं. बहुधा छताला काही झालं नव्हतं.

“पेनाने,” नाना सावकाश म्हणाले. “आणि बाकीचे चाळीस?”

“पेन्सिलने. मी नकाशे काढायच्या खात्यात होते. आमच्याकडे पक्कं होईस्तोवर सगळं पेन्सिलनेच. आणि यांच्या आठवणी पक्क्या कधी होत्या!”

नाना उठले आणि हस्तलिखितं ठेवायच्या कपाटाकडे गेले. त्यांनी गठ्ठा काढला. समासात फिकट पेन्सिल, फिकट पेन्सिल, फिकट पेन्सिल. पान एकशे बारा आलं. निळी शाई.

त्यांनी कपाटाचं दार लावलं. दाराच्या काचेत गुन्हेगार उभा होता. जाड चष्मा, पिकलेल्या मिशा, कानावर पेन्सिल.

५

“सगळ्यांना बोलवा,” नाना म्हणाले. “आणि पोथी आणा.”

पाचला वीस मिनिटं कमी होती. सून सर्वांत शेवटी आली, पिशवी खांद्याला लावूनच.

“शेरे कुणीही पुसले नाहीत,” नानांनी सुरुवात केली. “ते फाइलमध्ये आत्ताही आहेत. म्हणूनच सूनबाई ते अर्ध्या तासात परत आणू शकते. ते गेले नाहीत, लपले. काल लपले असंही नाही. लपायचं चार महिन्यांपूर्वीच ठरलं होतं.”

“चार महिन्यांपूर्वी?” मालकीणबाई म्हणाल्या. “पण प्रुफात तर दिसत होते. तिन्ही प्रुफांत!”

“तीच तर गंमत आहे.” नानांनी पोथी उघडली. “नियम सतरावा. ‘हस्तलिखितात शाईने असेल तो मजकूर. पेन्सिलने असेल ते लेखकाचं किंवा संपादकाचं आपापसातलं बोलणं. त्याला *कच्चं* हा टॅग लावावा.’ त्या काळी आमच्याकडे तशी रीतच होती. आता नियम अठ्ठावन्नावा. ‘*कच्चं* असेल ते प्रुफात समासात बारीक तिरक्या अक्षरात दिसावं, म्हणजे काम करणाऱ्याला कळेल. अंतिम प्रतीत दिसू नये.’”

नानांनी पोथी मिटली.

“दोन्ही नियम एकेकटे सज्जन आहेत. दोघांच्या मध्ये वहिनी सापडल्या. पेन्सिल म्हणून त्यांना *कच्चं* लागलं. *कच्चं* म्हणून त्या प्रुफात दिसल्या. छान बारीक तिरक्या, समासात. आपल्याला वाटलं मांडणी आहे. मांडणीकाराला वाटलं नशीब. काल प्रुफाची अंतिम प्रत झाली, आणि फोटोतल्या खांबाच्या सूचनेबरोबर कॉम्प्युटरने वहिनींनाही आज्ञाधारकपणे झाकून टाकलं. एकशे बारा शाईत होता, त्याला मजकुराचा टॅग लागला. तो राहिला. आणि तिसऱ्या प्रुफानंतर बघायचं नाही हा माझा दंडक नसता, तर हे कालच सापडलं असतं.”

“पण मग हिने सांगितलं का नाही?” मालकीणबाईंनी सुनेकडे बोट दाखवलं.

“कारण या कचेरीत तिला जीव लावावा असा माणूस पगारावर नाही.” नानांनी पोथीवर हात ठेवला. “चार महिन्यांपूर्वी एका रात्री जेवताना तिने मला विचारलं होतं, ‘बाबा, समासात पेन्सिलने कुणी खूप छान काही लिहिलं असेल तर?’ मी शब्दकोड्यातला सव्वीस आडवा शोधत होतो. मी मान वर केली नाही. मी म्हटलं, ‘सतरा.’”

सुनेने पिशवी खाली ठेवली. “नीट विचारायचं माझंही राहिलं,” ती म्हणाली. “‘छान’ म्हणजे काय, ते सांगायला हवं होतं. आणि बाबा, ती पोथी म्हणजे तुमचं… मला वाटलं, नोकरीचं काय, दुसरी बघता येईल.”

“आणि मी दुसरी सून कुठे बघू?” नाना म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छ होता.

मालकीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “म्हणजे काढून टाकायचा तो माणूस आधीच निवृत्त झालाय. ही फार गैरसोय आहे.” त्यांनी फोन उचलून छापखान्याला सांगितलं, की नवी फाइल साडेपाचला येईल. मग सुनेला म्हणाल्या, “तो चमचा परत खणात ठेव. आणि आधी वहिनींना पुस्तकात ठेव.”

कॉम्प्युटर सुरू झाला. चाळीस जागी *कच्चं* जाऊन तिथे नवा टॅग बसायचा होता. नाव काय द्यायचं यावर थोडी चर्चा झाली. संपादकांनी ‘सहभाष्य’ सुचवलं आणि सगळ्यांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. “‘पत्नी’ द्या,” इंजिनियर म्हणाले. “नको,” वहिनी म्हणाल्या, “उद्या कुणाचा नवराही लिहील.” शेवटी ‘सोबत’ हे नाव ठरलं.

पडद्यावर एकेक शेरा जागेवर येऊ लागला. पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं. इंजिनियर खुर्ची ओढून जवळ बसले आणि तोंडाने वाचू लागले, आणि दर शेऱ्याला वहिनींकडे बघून म्हणू लागले, “हे खोटं आहे हं,” आणि फार सुखात दिसू लागले.

“पोथीचं काय?” मालकीणबाईंनी विचारलं.

नानांनी पोथी पुढे ओढली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच सतराव्या नियमाच्या समासात त्यांनी काहीतरी लिहायला घेतलं. ‘शाई असो की पेन्सिल, टॅग लावण्याआधी लिहिणाऱ्याला विचारावं. आणि आपल्याला कुणी विचारलं, तर मान वर…’

“बाबा,” सून कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाली, “कशाने लिहिताय?”

नानांनी हाताकडे पाहिलं. हातात कानावरची पेन्सिल होती.

त्यांनी ती परत कानावर खोचली आणि पेन शोधलं. संपादकांच्या खिशातलं वाळलेलं होतं. मांडणीकाराकडे पांढऱ्या शाईचं होतं. कचेरीत चालू असं एकच पेन निघालं: दाराजवळ, आलेल्या टपालाची नोंद करायच्या खिडकीवरचं, दोरीने बांधलेलं.

नाना पोथी छातीशी धरून तिथवर चालत गेले. दोरी आखूड होती. चौऱ्याण्णव नियमांच्या कर्त्याला सतरावा बदलण्यासाठी चांगलंच वाकावं लागलं.